पाणी जाईपर्यंत

आईनं ती भेंडी दह्यात घातली तेव्हा बाबांकडे फक्त मी बघत होते. नेरूळच्या घरातली रविवारची संध्याकाळ. बाबांनी जवळजवळ अर्धा तास ओट्यापाशी उभं राहून फ्रोझन भेंडी एअर फ्रायरमध्ये कुरकुरीत केली होती. मधूनमधून खण ओढून बघत होते, टोपली हलवत होते, चष्म्यावर वाफ धरली की तो बनियनला पुसून परत खण आत सारत होते. शेवटी कडा तपकिरी झालेली, अंग आकसलेली, बोटांत धरली तर मोडेल अशी ती भेंडी ताटलीत पसरून त्यांनी टेबलावर आणली. आईनं एक तुकडा उचलला. तो तिच्या दाताखाली वाजला, आम्हा दोघांनाही ऐकू आला. ती काही बोलली नाही. उठली, फ्रीजमधून दह्याचं भांडं काढलं, दही घुसळलं, मीठ-साखर घातली आणि अख्खी ताटली त्यात उपडी केली. वरून हिंग-मोहरीची फोडणी. बाबा ‘अगं’ एवढंच म्हणाले, तेही इतकं हळू की फोडणीच्या आवाजात बुडून गेलं.

जेवणं नेहमीसारखी झाली.

रात्री मी ठाण्याच्या गाडीत बसले. तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली मागे पडत होती आणि माझ्या डोक्यात ते ‘अगं’ अडकून बसलं होतं. रीतसर भांडण झालं असतं तर ऐरोलीपर्यंत विसरलेही असते. आमच्या घरातली भांडणं शेजाऱ्यांनाही कळतील अशी असतात आणि चहाबरोबर संपतात. पण हे तसं काही नव्हतंच. आईला भेंडी आवडली नाही म्हणून तिनं ती दह्यात बुडवली, की आवडली म्हणून? विचारलं असतं तर ती म्हणाली असती, ‘दही होतं, घातली.’ आणि बाबा म्हणाले असते, ‘चांगली लागली की.’ दोघांनाही विचारण्यात अर्थ नसतो, अशा काही गोष्टी प्रत्येक घरात असतात.

तो एअर फ्रायर मीच आणला होता. बाबांच्या रक्ताच्या तपासणीचा कागद बघून डॉक्टरांनी तळणीवर बोट ठेवलं आणि संध्याकाळी काहीतरी कुरकुरीत लागणाऱ्या माणसाचा चेहरा पडला. आई म्हणाली, ‘मला नको तुझं ते खेळणं, ओट्यावर आधीच जागा नाही.’ खोकं बरेच दिवस दिवाणाखाली होतं. मग एका दुपारी बाबांनी माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वॉरंटीच्या अटींपर्यंत वाचून काढली, टोपली बाहेर काढली आणि टॉर्च घेऊन आत वाकून वर बघितलं. वर वेटोळं घातलेली कॉइल, तिच्या डोक्यावर पंखा. दुसरं काही नाही. लगेच मला फोन. ‘अगं, हे तर आमच्या ट्रे ड्रायरचं पिल्लू आहे!’ इतका आनंद त्यांच्या आवाजात मी निवृत्तीनंतर ऐकला नव्हता.

बाबांची सगळी नोकरी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका औषधांच्या कारखान्यात गेली, त्यातली बरीचशी ड्राइंग सेक्शनला, म्हणजे माल सुकवण्याच्या विभागात. आता त्या बाजूला काचेच्या इमारती आणि डेटा सेंटरं उभी राहिली आहेत. लोकलच्या खिडकीतून ते बोट दाखवतात, तिथं आम्हाला काहीच दिसत नाही. त्यांना मात्र शेड, चिमणी, सायकल स्टँड सगळं दिसतं. ट्रे ड्रायर म्हणजे कपाटाहून मोठी, दोन दारांची लोखंडी भट्टी. सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे गरगर फिरवून द्रव काढून टाकणाऱ्या यंत्रातून, निघालेली ओली पावडर, त्यांच्या भाषेत ‘वेट केक’, ट्रेमध्ये पसरायची, ट्रे ट्रॉलीवर चढवायचे, ट्रॉली आत ढकलायची आणि दार लावायचं. आत वाफेची कॉइल आणि ब्लोअर. गरम हवा ट्रेवरून फिरते, ओल उचलते, थोडी डॅम्परमधून, म्हणजे हवेच्या झडपेतून, बाहेर जाते, थोडी परत आत फिरते. अधूनमधून नमुना लॅबमध्ये पाठवायचा. तिथं तो तापवून वजन किती घटतं ते बघत, त्याला म्हणायचे एलओडी. ठरलेल्या आकड्याच्या खाली तो आल्याशिवाय बॅच उतरवायची नाही. सेकंड शिफ्टहून उशिरा घरी आले की बाबा आईला कारण सांगायचे, ‘एलओडी येत नव्हता.’ हा कोणीतरी कामचुकार माणूस असावा आणि त्याच्यापायी आमच्या बाबांना थांबावं लागतं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

‘थर जाड घालायचा नाही,’ हे त्यांचं एअर फ्रायरबद्दलचं पहिलं वाक्य. कारखान्यात नवीन पोरं घाईत ट्रे काठोकाठ भरून टाकत. मग वरचा थर सुकून कडक व्हायचा, खालची ओल आतच कोंडायची आणि ट्रे उलटला की तळाशी चिखल निघायचा. ऑफिसात डबा खाताना एअर फ्रायरचा विषय निघाला की मी नेमकी हीच तक्रार ऐकते. फ्रोझन भाजी वरून करपते आणि आतून तिचा गिचका होतो. खोदून विचारलं की कळतं, अख्खी पिशवी एकदम ओतलेली असते. चौघांसाठी करायचं तर दोन घाण्यांत करा, असं सांगितलं की लोकांचा उत्साह मावळतो. भज्यांचे चार घाणे काढताना मात्र कुणाची तक्रार नसते.

बाबांनी कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत गणित मांडलं होतं. ते पान अजून स्वयंपाकघरात लटकतंय. 1 ग्रॅम बर्फाचं पाणी करायला 80 कॅलरी, ते पाणी 0 वरून 100 अंशांवर न्यायला 100, आणि त्याची वाफ करायला 540. ‘सगळी मेहनत शेवटच्या पायरीला आहे,’ असं म्हणून त्यांनी 540 खाली दोन रेघा मारल्या आहेत. भेंडीत 100 ग्रॅममागे 90 ग्रॅमच्या आसपास पाणीच असतं, फ्लॉवरमध्ये त्याहून किंचित जास्त, मटार आणि मक्यात 75-80 ग्रॅम. आणि तुकड्याचा पृष्ठभाग ओला आहे तोवर भोवतीची हवा 200 अंशांची असली तरी तो स्वतः 100 च्या वर जात नाही. ज्याला आपण खमंग म्हणतो तो रंग आणि वास ज्या क्रियेतून येतो, तिचं वर्णन लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1912 साली केलं. ती 140 अंशांच्या आसपास जोर धरते. म्हणजे पाणी जाईपर्यंत भाजी नुसती वाफवली जात असते आणि खरं काम त्यानंतर सुरू होतं. टोपली खच्चून भरली तर वाफ तिथल्या तिथे घोटाळते आणि ते ‘त्यानंतर’ उजाडतच नाही. कढईची गोष्ट वेगळी. 180 अंशांचं तेल तुकड्याला सगळीकडून बिलगलेलं असतं आणि उष्णता झपाझप आत देतं. हवा तेवढीच तापलेली असली तरी तिचा हात फार हलका. पंखा ती कसर थोडी भरून काढतो, पूर्ण नाही. भजी चार-पाच मिनिटांत होते आणि ह्या भेंडीला वीस लागतात, ते यामुळे.

बाबांची पद्धत आता इतकी पक्की झाली आहे की ती मी झोपेतही सांगेन. मशीन आधी 200 वर रिकामं तापू द्यायचं. पिशवी फ्रीजरमधून थेट काढायची, बाहेर ठेवून सैल पडू द्यायची नाही, कारण वितळली की ती स्वतःच्याच पाण्यात बसते. हवी तेवढी भाजी चाळणीत घेऊन दणादण आपटायची, म्हणजे तिच्यावरचा बर्फाचा भुगा खाली पडतो. त्या भुग्यावर वीज जाळण्याचं काही कारण नाही. मग एकच थर, मध्ये मध्ये टोपलीची जाळी दिसेल असा. तेल सुरुवातीला अजिबात नाही. बर्फाळ तुकड्यावर तेल ठरत नाही, ओघळून खाली जातं आणि तळाशी धूर करतं. सात-आठ मिनिटांनी तुकडे कोरडे दिसायला लागले की वाडग्यात काढून चमचाभर तेल चोळायचं आणि परत घालायचं. तिखट, धणेपूड शेवटच्या दोन मिनिटांत. कोरडी पूड आधी टाकली तर पंखा ती उडवतो आणि उरलेली करपते. मीठ सगळ्यात शेवटी, ताटलीत, कारण मीठ पाणी ओढतं. यातल्या तेलाच्या मुद्द्यावर आमचं पटत नाही. एक चमचा पुरेसा आहे असं ते म्हणतात, दीड लागतोच असं मी म्हणते. डॉक्टर त्यांचे आहेत म्हणून मी गप्प बसते.

पिशवीतल्या भाजीबद्दल त्यांना जो आदर आहे तो मला आधी गमतीदार वाटायचा. ‘बघ, पार्टिकल साइज कसा एकसारखा आहे!’ असं ते भेंडीच्या तुकड्यांबद्दल म्हणतात. पण त्यात तथ्य आहे. तुकडे सारखे असले की सगळे एकाच वेळी सुकतात. शिवाय कारखान्यात गोठवण्याआधी भाजी थोडा वेळ उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून काढलेली असते, नाहीतर तिच्यातली एन्झाइम्स थंडीतही हळूहळू आपलं काम चालू ठेवतात आणि रंग-चव उतरवतात. म्हणजे ती अर्धी शिजलेलीच आपल्या घरी येते, तिला शिजवत बसायचं नसतं. अतिथंड हवेच्या झोतात एकेक तुकडा सुटा आणि चटकन गोठवतात, त्यामुळे आत बर्फाचे कण बारीक होतात आणि भाजीची अंगकाठी फारशी मोडत नाही. भराभर गोठवण्याचं महत्त्व क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकन माणसाला लॅब्राडोरच्या थंडीत तिथल्या लोकांची मासेमारी बघून उमगलं. पाण्याबाहेर काढलेला मासा क्षणात गोठायचा आणि महिन्यांनी वितळवला तरी ताजा लागायचा. त्याची गोठवलेली पाकिटं 1930 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत आली. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘आणि दुकानापासून घरापर्यंत?’ तो प्रश्न बरोबर होता. मे महिन्यात स्टेशनजवळच्या दुकानातून पिशवी घेऊन रिक्षाच्या रांगेत उभं राहिलं की ती घामेजते, घरी परत गोठते आणि आतला सुटा माल दगड होऊन बसतो. म्हणून ते दुकानात पिशवी दोन्ही हातांनी चाचपून घेतात. दाणे सुटे लागले तर घ्यायची, गठ्ठा लागला तर ठेवून द्यायची. दुकानातली मुलं त्यांच्याकडे जरा संशयानं बघतात.

आईला या सगळ्याचं कौतुक नव्हतं. ‘दुसऱ्यानं चिरलेली भाजी’ एवढं तिचं मत. तिचं भाजी घेणं म्हणजे भेंडीचं शेपूट मोडून बघणं, गवार वाकवून बघणं, भाजीवाल्याशी दोन शब्द, आणि मग घरी येऊन वर्तमानपत्रावर पसरून निवडणं. पिशवीतल्या भेंडीला शेपूट नसतं. ती कुठली, कुणाच्या शेतातली, जून की कोवळी, काही कळत नाही. वाशीचं एपीएमसी इथून हाकेच्या अंतरावर, रात्रभर तिथं भाजीचे ट्रक लागतात, आणि आपण मात्र प्लॅस्टिकवरचं चित्र बघून भेंडी घ्यायची, हे तिला पटत नाही. मलाही पूर्ण पटत नाही. पण मी घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून रात्री आठला घरात शिरते, तेव्हा पाव किलो भेंडी धुऊन, पुसून, चिरायला लागणारा जो वेळ आहे तो माझ्याकडे नसतो. धुतलेली भेंडी नीट न पुसता चिरली तर काय होतं ते ज्याच्या सुरीला तार लागली आहे त्याला विचारा. पिशवी फाडताना हायसं वाटतं, आणि त्याच वेळी ठाण्याच्या बाजारातल्या, जांभळी नाक्यावरच्या त्या ओल्या, मातकट, कोथिंबिरीच्या वासाच्या गर्दीत आपण शेवटचं कधी गेलो होतो ते आठवून जरा कसंतरीही होतं. दोन्ही एकदम. पिशवी फाडायची काही थांबत नाही.

गाडीत बसून मी त्या दह्याचा विचार करत होते तेव्हा मला नेरूळची गच्ची आठवली. नेरूळपर्यंत लोकल आली ती 1993 मध्ये. त्या सुमाराला आमची सिडकोची इमारत अजून नव्या चुन्याच्या वासाची होती आणि गच्चीवरून मोकळी जमीन दिसायची. एप्रिल लागला की तिथं आईचं राज्य. कुरडया, सांडगे, भरलेल्या सांडगी मिरच्या आणि तिची लाडकी ताकातली गवार. कोवळी गवार मीठ घातलेल्या आंबट ताकात रात्रभर बुडवून ठेवायची, सकाळी निथळून जुन्या साडीवर पसरायची, संध्याकाळी परत त्याच ताकात. असं ताक संपेपर्यंत. शेंगा एकमेकींवर पडता कामा नयेत, यासाठी ती आम्हाला ओरडायची. कावळे हाकलायचं काम माझं आणि भावाचं. कधी वारा फिरायचा आणि कारखान्यांच्या पट्ट्याकडून तो गोडसर, घशाला लागणारा वास यायचा. मग आई खालूनच हाक मारायची, ‘झाका, झाका!’ आणि आम्ही दुसरी साडी वर ओढायचो. त्याच वासाचा थोडा अंश बाबांच्या शर्टालाही असायचा. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. घर त्या शर्टावर चालत होतं.

शेंगा एकमेकींवर पडता कामा नयेत. थर जाड घालायचा नाही. ही दोन वाक्यं आमच्या घरात इतकी वर्षं दोन वेगळ्या दिशांनी येत होती. आई गच्चीवर वाळवत होती आणि बाबा तुर्भ्याकडे, आणि कामावरून आलेल्या बाबांनी कधी गच्चीत जाऊन गवारीकडे ड्राइंग सेक्शनच्या नजरेनं बघितल्याचं मला आठवत नाही. आईनंही एलओडी म्हणजे काय ते कधी विचारलं नाही. तिची स्वतःची चाचणी होती. मूठभर गवार स्टीलच्या डब्यात घालून डबा कानाशी हलवायची. खुळखुळ वाजली तर झाली, दबका आवाज आला तर अजून एक ऊन.

फरक पुढे आहे. बाबांच्या लेखी सुकवलेला माल सुकाच राहिला पाहिजे. दोन पॉलिथिनच्या पिशव्या, त्यात सिलिका जेल, मग ड्रम, मग सील. पावसाळ्यात तर त्यांना ड्रम उघडा दिसला की झोप लागत नसे. आणि आई वाळवते ती मुळी परत ओलं करण्यासाठीच. तळलेली गवार दहीभातावर पडते, सांडगी मिरची दह्यात कुस्करली जाते, सांडगे रश्शात जातात. तिच्या स्वयंपाकात कुरकुरीत गोष्ट सहसा एकटी ताटात येत नाही, तिला भिजायला काहीतरी शेजारी लागतं. तळलेल्या भेंडीची दह्यातली कोशिंबीर ती पूर्वीपासून करते, आणि तिचा नियम एकच, पानं वाढल्यावरच कालवायची, आधी नाही. त्या रविवारीही तिनं तेच केलं होतं. ताटं मांडलेली होती, भात वाढलेला होता. पहिला घास घेतला तेव्हा भेंडी बाहेरून दह्यानं माखलेली आणि आतून अजून वाजत होती. मी दोनदा वाढून घेतली. बाबांनीही घेतली बहुतेक. मी त्यांच्या ‘अगं’कडे इतकं लक्ष दिलं की ताटाकडे बघायचं राहिलं.

म्हणजे तिनं पसंतीची पावती दिली होती का? तसं म्हणून मी हा विषय मिटवून टाकू शकते, पण माझं मन पूर्ण घेत नाही. तिनं बाबांच्या हातचा पदार्थ स्वतःच्या पदार्थाचं सामान करून टाकला, हेही खरंच आहे. इतकी वर्षं ओटा तिचा. त्यावर आता रोज संध्याकाळी एक माणूस वजनकाटा घेऊन उभा राहतो, 250 ग्रॅम भाजी आत घालतो, बाहेर आलेली परत मोजतो आणि निम्म्याहून कमी भरली म्हणून खूश होतो. तिच्याकडे त्यावर दुसरं काय उत्तर असणार? दही होतं, घातली.

नंतरच्या आठवड्यांत मी पाहिलं ते असं. आई तळते ते कानानं. कढईतले बुडबुडे म्हणजे भाजीतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं. ते जोरात असतात तोवर ती पाठ करून दुसरं काम करते, आणि आवाज बारीक झाला की न बघता झारा उचलते. एअर फ्रायरमध्ये हा आवाज नाही. पंखा एकसुरी घोंघावत राहतो, आतलं काही बाहेर ऐकू येत नाही, आणि शेवटी ती टिंग, जिला भाजी झाली की नाही याच्याशी काही देणंघेणं नसतं. आईचा खरा राग या बहिरेपणावर असावा असं मला वाटतं. मग एका संध्याकाळी बाबांनी फ्लॉवर लावला होता आणि ती बाहेरच्या खोलीत शेंगा सोलत बसली होती. बाबांनी खण ओढून टोपली हलवली. थबथब. परत लावली. थोड्या वेळानं पुन्हा हलवली, जरा मोकळा आवाज आला. तिसऱ्यांदा हलवली तेव्हा तुकडे जाळीवर खुळखुळले आणि बाहेरून आई म्हणाली, ‘झालं. काढा.’ बाबा म्हणाले, अजून तीन मिनिटं आहेत. ‘करपेल, काढा.’ त्यांनी काढलं, काट्यावर ठेवलं आणि काट्याकडे बराच वेळ बघत राहिले. आकडा त्यांना हवा तोच असावा, कारण ते काही बोलले नाहीत.

त्यानंतर आईनं स्वतःहून एक दुरुस्ती सुचवली, तीही बाहेरच्या खोलीतूनच. तेल चोळल्यावर चमचाभर तांदळाची पिठी आणि थोडा बारीक रवा भुरभुरायचा, सुरणाच्या कापांना लावतो तसा. बाबांनी आधी कुरकुर केली, म्हणाले पिठानं वजनाचा हिशेब चुकतो. पण भेंडीवर आणि फरसबीवर ती पिठी काय काम करते ते एकदा खाऊन बघाच. उरलीसुरली ओल ती ओढून घेते आणि वर एक पातळ, खरखरीत साल चढते. त्या दिवसापासून कालनिर्णयच्या पानावर 540 च्या खाली बाबांच्या टोकदार अक्षरात ‘पिठी – 1 चमचा’ अशी भर पडली आहे. कुणाची सूचना ते लिहिलेलं नाही.

सगळ्या भाज्यांना हे मानवत नाही. ब्रोकोलीचे तुरे आधी जळतात आणि देठ मागे राहतात, तिला 180 वरच ठेवावं लागतं. मिक्स व्हेजची पिशवी म्हणजे तर मनस्ताप, मटार सुकून टणक होतो तेव्हा गाजराला नुकता घाम सुटलेला असतो. मक्याचे दाणे फुटून वर उडतात. फ्रोझन पालक घालणाऱ्याला माझा नमस्कार. आईनं एकदा पापड टाकून बघितला, हलका असल्यामुळे तो पंख्याच्या ओढीनं उठून थेट कॉइलला चिकटला आणि घरभर धूर झाला. तिला त्या धुराचं जरा समाधानच वाटल्यासारखं दिसलं. कुरडई मात्र तिनं त्यात टाकू दिली नाही. ‘ती तेलातच फुलते, तिथं तुमचं शास्त्र नको.’ यात ती बरोबर आहे. कुरडई फुलायला तेलाचा तो एका दमातला तडाखा लागतो.

सध्या वाद मटारावर आहे. जानेवारीत मटार स्वस्त झाला की आई पाच किलो आणून सोलते, चिमूटभर साखर घातलेल्या उकळत्या पाण्यातून काढते आणि डब्यांत भरून फ्रीजरमध्ये टाकते. घरच्या फ्रीजरमध्ये तो सावकाश गोठतो, एकमेकांना धरून बसतो आणि वापरताना सुरीच्या टोकानं फोडावा लागतो, पण उसळीला आणि करंजीला तिला तोच लागतो. बाबांना मटार एअर फ्रायरमध्ये फुटाण्यासारखा करून संध्याकाळी चहाबरोबर चघळायचा असतो. आईच्या डब्याला हात लावायची परवानगी नाही, म्हणून ते स्वतःची पिशवी आणतात आणि तिच्यावर मार्करनं तारीख घालतात. फ्रीजर एवढासा, त्यात आता दोन जातींचा मटार. मला विचाराल तर मटार उसळीतच जावा, तो सुकवून वाटाणा करायचा तर फ्रीजरपर्यंत न्यायचाच कशाला, पण हे मी नेरूळमध्ये बोलत नाही. परवा बाबांचा फोन आला, की औषधाच्या बाटल्यांतून निघतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून देऊ नकोस, येताना घेऊन ये, एकदम जास्त करून डब्यात भरून ठेवता येईल का ते बघायचं आहे. मागून आईचा आवाज आला, ‘आधी उरू तर दे म्हणावं. परवा रात्री टीव्हीसमोर ताटली कोणी संपवली?’ त्यावर बाबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि मला विचारलं, ठाण्यात फ्रोझन सुरण मिळतं का.